कोर्टानं दिलेली लोकांची जागा आपण मागायची की नाही?

परभणीकर (धागाकर्ता)

१० डिसेंबर २०२४ ला परभणी स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली. पकडलेल्यांपैकी कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत दगावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवून घ्यायला त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठाचं दार ठोठवावं लागलं. खंडपीठाचा आदेश ४ जुलै २०२५ चा. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, ३० जुलैला तिथंही आदेश कायम राहिला.

मधले सहा-सात महिने पोलिसांना जाब विचारणारी लोकांची जागा जिल्ह्यात कुठं होती? कागदावर होती, हेच मला सांगायचंय. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे लावायला सांगितले आणि जिल्हा देखरेख समिती नेमायला लावली. त्या समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, एसपी आणि ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कॅमेरे चालू आहेत का एवढंच बघणं हे तिचं काम नाही. न नोंदवलेली मारहाण फुटेजमध्ये दिसते का, हेही तिनंच तपासायचं आणि दर महिन्याला राज्य समितीला अहवाल द्यायचा. मार्च २०२२ मध्ये आमच्याकडच्या जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले आणि लोकांची ती एकुलती जागाही अधिकाऱ्याकडं गेली. त्यावर कुणी आवाज केला नाही.

माझं म्हणणं: या समितीचा मासिक अहवाल ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा होतातच.

निवृत्त जमादार

तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. लोकसहभाग म्हणजे काय ते मी ठाण्यात बसून पाहिलंय. शांतता समितीची बैठक गणपतीच्या आधी, ईदच्या आधी. खुर्च्यांवर कोण? माजी सभापती, वाळूवाला, दोन मंडळांचे अध्यक्ष. चहा होतो, फोटो होतो. रात्री त्यांच्यातल्याच एकाचा फोन येतो, "आपला माणूस आहे, बसवून ठेवू नका." ठाणे अंमलदार नवा असेल तर दखलपात्र गुन्ह्याची एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, होते.

१५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम निघाली. हेतू चांगला होता. पण बक्षिसासाठी तंटे कमी दाखवायचे म्हणून बांधावरच्या मारामाऱ्या ठाण्यापर्यंत येऊच दिल्या नाहीत. कमजोराला गावातच गप्प बसवलं. तुम्ही ग्रामसभेत अहवाल वाचा, उद्या त्याच ग्रामसभेतले चार जण साहेबाची बदली मागतील.

पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालातली कामाची गोष्ट वेगळी आहे: ठाणेदाराला दोन वर्षं हलवू नका, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा. दिवसा मोर्चाचा बंदोबस्त आणि रात्री खुनाचा पंचनामा एकाच माणसानं केला तर तपास कसा होणार? आधी तेवढं करा, मग लोकांना बसवा.

लातूरची वकील

जमादारकाका, बदल्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण त्याच निकालानं जिल्ह्याजिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरणही सांगितलं होतं. आपल्या राज्यानं २०१४ मध्ये कायदा बदलताना जिल्ह्याऐवजी विभाग धरला. उमरग्याच्या बाईला फौजदाराविरुद्ध तक्रार करायला मजुरी बुडवून, एसट्या बदलत विभागाच्या गावी जायचंय. कोण जाईल? आणि प्राधिकरणात नागरिकांचा म्हणून जो सदस्य आहे, तोही सरकारच नेमतं.

परभणीकर, तुमच्याशीही माझं भांडण आहे. ग्रामसभेत कोण बोलतं? पारधी वस्तीवरचा माणूस कधी बोललेला ऐकलाय? चोरी कुठंही होवो, पहिली गाडी त्याच्या पालावर येते, आणि बऱ्याचदा नाव गावानंच सांगितलेलं असतं. बीडमध्ये २०२५ ला पोलिसांच्या नावपाट्यांवरून आडनावं काढली, कारण वर्दीकडंही लोक जात म्हणून बघायला लागले होते. अशा जिल्ह्यात 'गाव' म्हणून एकच माणूस बसवला तर तो कुणाचा असेल, हे सांगायची गरज नाही. जागा हवीच. पण पहिली जागा ज्यांना कोठडीचा अनुभव आहे त्यांना, आणि निम्म्या जागा बायकांना.

गोदाकाठ

मला कोर्टाच्या देखरेखीवरच भरवसा नाही. प्रकाश सिंग निकालाच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला २००८ मध्ये न्या. थॉमस समिती नेमली, तिनं २०१० मध्ये अहवाल दिला, राज्यांनी तो बाजूला ठेवला. कॅमेऱ्यांचंही तेच. निकाल २०२० चा, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली.

अमेरिकेत सिएटल शहराचं पोलीस खातं २०१२ पासून कोर्टाच्या देखरेखीखाली होतं. तिथं कोर्टानं स्वतंत्र निरीक्षक नेमला, नागरिकांचा आयोग शहर आणि केंद्र सरकार यांच्यातल्या कराराचाच भाग होता, तरी देखरेख संपायला २०२५ उजाडलं. आपल्याकडं निरीक्षकच नाही. ग्रामसभेत वाचायचा तो अहवाल खरा की खोटा, हे कोण बघणार? हे काम विधानसभेचं आहे. आमदाराला धरा.

परभणीकर

आमदाराला जरूर धरू. पण परभणीच्या त्या आईला न्याय मिळण्याची वाट विधानसभेतून उघडली नाही, खंडपीठातून उघडली. तुमचं सिएटलचं उदाहरण मला उलटं वाटतं. निरीक्षक असूनही तिथं नागरिकांचा आयोग लागला. निरीक्षक नसेल तर लोकांची गरज वाढते.

वकीलताई, तुमचं मान्य. ग्रामसभेसोबत वस्तीवर, पालावरही अहवाल वाचला गेला पाहिजे.

जमादारकाका, एक फरक लक्षात घ्या. मी लोकांना तपासात बसवा म्हणत नाही. गुन्हा कुणावर लावायचा, कुणाला सोडायचं, यात गावाचा शब्दही नको. लोकांनी फक्त एवढंच विचारायचं: कॅमेरा चालू होता का, फुटेज आहे का, समितीनं ते पाहिलं का. वाळूवाल्याला यातून काय मिळणार?

निवृत्त जमादार

एवढंच विचारणार असाल तर माझा विरोध नाही. मग नीट विचारा. "कॅमेरे आहेत का" विचारलं तर "आहेत" असं उत्तर येईल आणि माहिती अधिकाराचा अर्ज निकाली निघेल. विचारा की लॉकअपसमोरचा, ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा आणि मागच्या दाराचा कॅमेरा गेल्या महिन्यात किती दिवस बंद होता, बंद पडल्याची स्टेशन डायरीला नोंद आहे का, दुरुस्तीचं पत्र कोणत्या तारखेला गेलं. साठवण किती दिवसांची तेही विचारा. निकालात अठरा महिने सांगितलेत, आणि काहीही झालं तरी वर्षापेक्षा कमी नाही. डीव्हीआरची, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क लहान असेल तर जुनं आपोआप पुसलं जातं, त्यात कुणाला काही करावंही लागत नाही.

आणि दारावर पाटी आहे का ते बघा. आत चित्रीकरण चालू आहे, मारहाण झाली तर फुटेज राखून ठेवायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे मराठीत लिहिलेलं असायला हवं. पाटी नसेल तर अर्जात पहिला मुद्दा तोच घ्या.

लातूरची वकील

अर्जाचा मसुदा मी करते. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं, समितीच्या सभांची इतिवृत्तं मागणारा. ज्यांना आपापल्या जिल्ह्यात टाकायचाय त्यांनी इथं तालुका लिहा.