ओरेगॅनो पावसाळ्यात तग धरेल का?

बाल्कनीतली बाग, पुणे
नमस्कार मंडळी. कोथरूडला आमची पूर्वेची बाल्कनी आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला दोन नर्सरींतून ओरेगॅनोची दोन रोपं आणली. एकाची पानं जाड, लवदार, कडेला कातरलेली. चुरगळली की ओव्याचा वास. ते जोमात आहे. दुसऱ्याची पानं नखाएवढी, काड्या बारीक आणि तांबूस. तेही छान पसरलं होतं, पण पावसाची झड लागल्यापासून खालची पानं काळी पडून गळतायत. यातला खरा ओरेगॅनो कुठला? आणि दुसरं वाचेल का? मुलांच्या पिझ्झावर घरचाच घालायची फार इच्छा आहे.

कुंडीवाल्या काकू, ठाणे
पहिला आहे पानओवा. कार्व्हाक्रॉल नावाचं सुगंधी द्रव्य दोन्हींत असतं, म्हणून वास जवळचा वाटतो आणि नर्सरीत तो सर्रास ओरेगॅनो म्हणून खपतो. त्याची मस्त भजी करा, पिझ्झावर मात्र नको.

दुसरं खरं आहे आणि त्याला आजच हलवा. हे झाड ग्रीस-इटलीकडच्या खडकाळ उतारांवरचं. तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, म्हणजे आपल्या अगदी उलट. थंडी त्याला चालते. उकाडा आणि ओली माती एकत्र आली की मुळं कुजतात. कुंडी छपराखाली घ्या, खालची ताटली काढून टाका, काळी पानं खुडा, गचपण विरळ करा. वरची बोटभर माती कोरडी लागेपर्यंत पाण्याचा थेंब नको.

आणि विमा म्हणून फांद्या लावाच! फुलं न आलेले निरोगी शेंडे चार इंचांवर कापा, खालची अर्धी पानं काढा, ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. ऑक्टोबरमध्ये मातीच्या कुंडीत हलवा: निम्मी बागेची माती, निम्मी जाड वाळू, मूठभर गांडूळखत. खताचा मारा करू नका, पानं मोठी होतात आणि वास उतरतो. आपल्याकडे याचा खरा हंगाम दिवाळी ते होळी.

हिरवा कोपरा, नाशिक
काकूंशी सहमत. एक भर घालतो: घेताना पान चावून बघा. जिभेला चरचरलं तर घ्या. गुलाबी-जांभळ्या फुलांचा साधा ओरेगॅनो बऱ्याचदा सपक निघतो. पांढऱ्या फुलांचा ग्रीक प्रकार तिखट. गजऱ्यातला मरवा याचाच सख्खा भाऊ, पण त्याची चव गोडसर.

बाल्कनीतली बाग, पुणे
काकू, मनापासून आभार. चावून पाहिलं, चांगलंच चरचरलं! कुंडी आत घेतली, शेंडेही लावले. वाळवायचा कधी?

कुंडीवाल्या काकू, ठाणे
कळ्या दिसल्या पण उमलल्या नाहीत, तेव्हा. वास तेव्हा सगळ्यात दाट असतो. सकाळी दव सुकल्यावर कापा, पण पार बुडख्यापर्यंत नको. छोट्या जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगा. उन्हात वास उडून जातो. पान बोटांत कुरकुरलं की अख्खंच बरणीत भरा आणि घालताना हातावर चुरा. टोमॅटोच्या सॉसमध्ये वाळका सुरुवातीलाच, ताजा गॅस बंद करताना. पिझ्झा नसेल त्या दिवशी बटाट्याच्या फोडींना ऑलिव्ह तेल, लसूण, लिंबू आणि हा चोळून ओव्हनमध्ये भाजा. ग्रीक घरांत बटाटे असेच करतात आणि मुलं ताटली चाटूनपुसून साफ करतात.