मॉड्यूलला हात लावण्याआधी सेन्सर बघा
दादा, गाडी थांबता थांबता पेडल थरथरतं, पण एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागत नाही म्हणताय, तर एबीएस मॉड्यूलचा, म्हणजे त्याच्या कंट्रोलरचा, खर्च सध्या राहू दे. चाकाजवळचा स्पीड सेन्सर आणि त्याची दातेरी रिंग आधी बघा. रिंग गंजून तडकली की कमी वेगात सिग्नल तुटतो आणि कंट्रोलरला वाटतं चाक लॉक झालं, मग एबीएस उगाच चालू होऊन पेडल थरथरतं. गगनबावड्याचा पाऊस, त्यात उसाच्या ट्रॉल्यांचा चिखल, दुसरं काय होणार! कोल्हापूरच्या उद्यमनगरात एबीएस वाचणारा स्कॅनर असलेला मेकॅनिक गाठा, साधा स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड दाखवतो. २० च्या वेगात चारही चाकांचे आकडे लाइव्ह बघायचे; जो मध्येच शून्यावर पडतो, ते चाक उघडायचं. लाल ब्रेकचा दिवाही लागला तर मात्र गाडी हलवू नका, आधी ब्रेक ऑइल तपासा.