मुलीला जिऑलॉजीची प्रोफेसर व्हायचंय, काय सांगू?

बार्शीकर_काका:
मुलगी पुण्यात बीएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही धरून चाललेलो की युपीएससीची जिओसायंटिस्टची परीक्षा देईल, जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात) लागेल, विषय संपला. दिवाळीला आली तर म्हणते मला पीएचडी करून शिकवायचंय. बॅगेत कपडे कमी आणि दगड जास्त, गेल्या वर्षी हिच्या आईने दिलेल्या फराळाच्या डब्यातसुद्धा दगडच, प्रत्येकावर नंबर टाकलेला. भूगोलाच्या मास्तरकीत एवढं काय आहे? या लाईनमधलं कुणी असेल तर खरं खरं सांगा.

तासिकावाला:
काका, मी नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडी सगळं करून सहाव्या वर्षी पण सीएचबीवर, म्हणजे तासावर पगार घेऊन शिकवतोय. दर जूनला तोच इंटरव्ह्यू, तेच कागद, आणि उन्हाळ्यात पगार शून्य. कॉलेजचं नाव घेत नाही, उद्या तिथेच तास घ्यायचाय. परीक्षेलाच बसवा तिला. एवढे मोठे भूशास्त्रज्ञ डी. एन. वाडिया, ते पण मास्तरकी सोडून जीएसआयमध्ये गेलेच ना!

काळा_कातळ:
काका, आधी एक, भूगोल नाही हो, भूशास्त्र 🙂 मुलीसमोर असं म्हणू नका.

दादा, सीएचबीचं तुमचं शंभर टक्के खरं, मी पण त्यातून गेलेय. पण वाडियांचं अर्धंच सांगितलंत. सुरतचा हा पारशी माणूस बडोद्यात शिकून १९०७ साली जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात शिकवायला गेला आणि चौदा वर्षं तिथेच राहिला. शिवालिकचे डोंगर शेजारीच, मग सुट्टी लागली की तिकडे. 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' हे पुस्तक १९१९ चं, म्हणजे मास्तर असतानाचं, आमच्या एमएस्सीपर्यंत तेच. जीएसआयमध्ये गेले १९२१ ला, वय ३८ (आज गेले असते तर वयात बसत नाही म्हणून फॉर्मच बाद!). नंगा पर्बतपाशी हिमालयाच्या रांगा गुडघ्यात दुमडल्यासारख्या का वळतात हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं, पण डोंगर वाचायचा हात बसला तो जम्मूतच. १९५७ ला रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मास्तरकीची वर्षं फुकट गेली म्हणणार का?

आता माझं. पीएचडीला घाटातला बेसाल्ट पोत्यात भरून एसटीने आणायचे, कंडक्टर म्हणायचा मॅडम, याला लगेज लागेल. मग त्याची चकती कापून काचेवर चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या पुडीवर हाताने घासत बसायचं, ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत. माझी पहिली चकती घासता घासता संपूनच गेली, हातात नुसती काच! सर हसले, म्हणाले दुसरी कर. दुसरी जमली, मायक्रोस्कोपखाली धरली तर तो काळा ठिक्कर दगड कुठल्या कुठे, राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांचा फेल्डस्पार आणि मध्ये पायरोक्झीनचे निळे-पिवळे-नारिंगी तुकडे (दोन्ही दगडातली खनिजं), ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा हो तो. त्या दिवशी जेवायचं राहिलं. तुमच्या मुलीचं असंच काहीतरी झालं असणार.

कॅम्पवाला:
मी जीएसआयमध्येच आहे. काका, जिओसायंटिस्टच्या परीक्षेला पण एमएस्सी लागतेच, त्यामुळे भांडण आत्ता कशाला? जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊ दे, आयआयटी मिळाली तर उत्तमच. पुढे सीएसआयआर नेटचा अभ्यास आणि आमच्या परीक्षेचा अभ्यास बराचसा एकच, दोन्ही देऊ दे. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) निघाली तर महिना ३७,००० आणि वर घरभाडं, म्हणजे पीएचडी तुमच्या खिशातून नाही. आणि सरकारी नोकरी म्हणजे पंख्याखालची खुर्ची समजत असाल तर तसं नाही, महिनोन् महिने कॅम्पवर असतो, दगड इथेही उचलावेच लागतात.

बार्शीकर_काका:
सगळ्यांचे आभार. एमएस्सी लागतेच हे माहीतच नव्हतं, उगाच आठवडाभर अबोला धरला. काल डब्यातला एक दगड उचलून तिला विचारलं हे पांढरं काय, तर म्हणाली झिओलाईट, लाव्हा थिजताना आत बुडबुडे राहतात, नंतर त्यात गरम पाणी झिरपून हे स्फटिक धरतात, आणि मग तासभर थांबलीच नाही. हिच्या आईचं एकच म्हणणं आहे, डबा रिकामा करून दे, यंदाच्या चकल्या कशात भरू.

तासिकावाला:
काका, झिओलाईट घासू नका, नुसता पाण्याने धुवा. आणि तिला माझा निरोप, नेटच्या जोडीला गेटची परीक्षा पण दे.