सूरजमल जाटाला ‘संस्थानिक’ म्हणावे का?

भरतपूरच्या सूरजमलाचा उल्लेख मराठीत ‘संस्थानिक’ असा केलेला आढळतो, तेव्हा तो मला खटकतो. संस्थानिक म्हटले की इंग्रजांशी तह केलेला आणि पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली कारभार पाहणारा राजा आपल्या डोळ्यांपुढे येतो. भरतपूरचा इंग्रजांशी तह झाला तो १८०३ साली, रणजितसिंहाच्या काळात (हा पंजाबचा रणजितसिंह नव्हे). सूरजमल तर त्याच्या चाळीस वर्षे आधी, २५ डिसेंबर १७६३ रोजी, नजीबखान रोहिल्याशी लढताना मारला गेला होता.

मग त्याला ‘मांडलिक’ म्हणावे, असे कोणी सुचवील. त्याचा बाप बदनसिंह याला ‘ब्रजराज’ हा किताब जयपूरच्या सवाई जयसिंहाने दिला होता, त्यामुळे बापाच्या बाबतीत या शब्दाला काही आधार आहे. परंतु १७५६ मध्ये गादीवर आलेल्या आणि पानिपतानंतर पाच महिन्यांत आग्ऱ्याचा किल्ला घेणाऱ्या मुलाला तो शोभत नाही. १७५४ मध्ये मराठ्यांनी कुंभेरला वेढा घातला, त्यात खंडेराव होळकर मारले गेले आणि अखेर सूरजमलाने खंडणी कबूल केली, हे खरे. पण खंडणी कबूल करणारा प्रत्येक जण मांडलिक ठरत नाही. त्या काळाच्या भाषेत ‘राजा’ किंवा नुसते ‘सूरजमल जाट’ पुरेसे आहे. पानिपतातून जीव घेऊन परतणाऱ्या मराठ्यांना त्याच्याच मुलखात आसरा मिळाला, तेव्हा आपल्या वाचकाला तो याच नावाने ओळखीचा आहे.

हिंदीतून भाषांतर करणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. हिंदीत अशा राज्याला ‘रियासत’ म्हणतात आणि ‘संस्थान’ हा शब्द एखाद्या संशोधन किंवा शिक्षणसंस्थेसाठी वापरतात. मराठीत मात्र भरतपूर हेही संस्थान आणि शिर्डीचेही संस्थानच.

भरतपूरच्या राजांना ‘संस्थानिक’ हा शब्द नि:शंकपणे लावता येतो तो १८२६ नंतर. १८०५ मध्ये, आश्रयाला आलेल्या यशवंतराव होळकरांची पाठराखण करताना, भरतपूरच्या ज्या किल्ल्याने इंग्रज सेनापती लेकचे चार हल्ले परतवले, तोच किल्ला १८२६ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला.