दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं येताहेत, पुण्यात कुठे न्यावं?

कोथरूडची_आजी
नमस्कार मंडळी, दिवाळीत लेकीची दोन्ही मुलं बंगलोरहून आमच्याकडे येणारेत, नातू नऊ वर्षांचा, नात सहाची. मागच्या खेपेला सगळी सुट्टी मोबाईल नाहीतर टीव्हीत गेली आणि आम्ही दोघं आपले "बाळा खातोस का काही" करत मागे मागे. यंदा रोज थोडं तरी बाहेर पडायचंच असं ठरवलंय. पण ह्यांना सत्तरी लागली, उजवा गुडघा कुरकुरतो, मी धडधाकट आहे तरी पोरांमागे पळणं काही जमायचं नाही. मॉल, गेमझोन नको, तिथे आपण नुसती पाकिटं आणि चपला राखत बसतो. पोरं दमतील आणि आम्ही नाही असं सुचवा 😀

टेकडीकर
पर्वती! १०३ पायऱ्या, त्याही रुंद आणि बुटक्या, सकाळी सातला निघायचं, वर देवदेवेश्वराचं दर्शन, पेशवे संग्रहालय, अख्खं पुणं दिसतं. नातवाला सांगायचं की पायऱ्या मोजत चल आणि दर वीस पायऱ्यांनी आजोबांसाठी थांब, म्हणजे आजोबांना दम खायला कारण मिळतं आणि मान पण राहतो.

निवांत_७२
टेकडीकर, गुडघेवाल्याला चढणं नाही हो, उतरणं छळतं, स्वानुभव. आजी, ह्यांना काठी घ्यायला लावा आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. नाहीतर सरळ तळजाईला जा, सपाट वाट आहे, सावली आहे, सकाळी लवकर गेलात तर मोर दिसायची शक्यता. आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय, फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं. आवार भलतंच मोठं आहे, सगळं बघायचा हट्ट धरू नका. वाघ, साप आणि घरी.

गेरूचे_हात
सगळे जागा सांगताहेत, मी काम सांगतो. काकू, किल्ला करा! पोरं बंगलोरची, त्यांनी बहुतेक कधी केला नसेल. दिवाळीच्या सहासात दिवस आधी आली तर उत्तमच, कारण अळीव नाहीतर मोहरी पेरली की हिरवळ यायला चारपाच दिवस जातात. विटा, दगड रचायचे, त्यावर गोणपाट चिखलात बुडवून अंथरायचं (इथे नात कोपरापर्यंत बरबटणार, तिला अडवू नका), मग मातीचा थर, गेरू, पायऱ्यांना आइस्क्रीमच्या काड्या. माती चाळणं, पाणी आणणं, दगड शोधणं ही सगळी पोरांची कामं, काकांनी खुर्चीत बसून "बुरूज कललाय रे" एवढंच म्हणायचं. पाण्याचा झारा नातीच्या ताब्यात द्या, रोज सकाळी मोबाईलच्या आधी ती अळीव बघायला पळते की नाही बघा. मावळे घ्यायला मुलांना कसब्यातल्या कुंभारवाड्यात न्या, रेडिमेड किल्ला मात्र आणू नका, त्यात काय मजा.

आणि मग भाऊबीज झाल्यावर खरा सिंहगड. गाडी बरीच वरपर्यंत जाते, पार्किंगपासून पुणे दरवाजाच्या पायऱ्या तेवढ्या सावकाश चढायच्या. एकामागे एक असे तीन दरवाजे आहेत, नातवाला विचारा की एक पुरला नसता का, बघा काय उत्तर देतो. तानाजींची समाधी, ती १६७० ची लढाई काकांनी तिथेच उभं राहून सांगायची, घरी आधी सांगून संपवू नका. देवटाक्याचं पाणी, पिठलं भाकरी, मडक्यातलं दही. फक्त रविवार टाळा, घाटात गाड्यांची रांग लागते आणि पोरं गाडीतच कंटाळतात.

टेकडीकर
+१ किल्ल्याला. पर्वती मागे घेतो, पण पूर्ण नाही.

निवांत_७२
एक राहिलं, सगळे दिवस बाहेर ठरवू नका. एक दिवस मंडईत बसने जा, नातवाला पन्नास रुपये आणि भाजीची यादी द्या, भाव तोच करेल. आमच्या नातीने कोथिंबिरीवर कढीपत्ता फुकट मागून आणला होता, तिची आई अजून विश्वास ठेवत नाही.

कोथरूडची_आजी
अहो किती छान! किल्ल्याचं वाचून हे आत्ताच उठून गॅलरीत जागा मोजायला लागलेत, गुडघा कुठे गेला देव जाणे. लेकीला आजच फोन करते, तिकीट चार दिवस अलीकडचं मिळतंय का बघ म्हणून. गेरूचे_हात, आमची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर आहे, चिखलाचं पाणी खालच्यांच्या कपड्यांवर जाऊ नये म्हणून खाली काय अंथरता तुम्ही?

गेरूचे_हात
जुना फ्लेक्स, कडा विटांवर उचलून ठेवायच्या. आणि खालच्यांना फराळ आधीच नेऊन द्या.