बाळाचा बाप्तिस्मा आत्ता की मोठं झाल्यावर? वचनं तर दोन्हीकडे आहेत

वसईची_सून
माहेर नगरकडचं, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. बाळ चार महिन्यांचं झालंय आणि सासरी बाप्तिस्म्याची तारीख काढायचं चाललंय. आमच्याकडेपण तान्ह्या पोराला देतातच, मोठं झाल्यावर दृढीकरण, म्हणजे विश्वासाची कबुली स्वतः द्यायची, त्यामुळे मला काही अडचण नव्हती. पण माझा दादा दोन वर्षांपूर्वी एका पेंटेकॉस्टल फेलोशिपमध्ये गेला, शेततळ्यात उभं राहून पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि आता रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर बायबलमधलं मार्क १६:१६ पाठवतो, बघ आधी विश्वास आलाय मग बाप्तिस्मा, चार महिन्यांचं पोर कसला विश्वास धरणार म्हणे. पुस्तक एकच ना? मग अर्थ दोन कसे निघतात?

कुपारी_गडी
वहिनी, आम्ही कॅथलिक नुसत्या वचनावर थांबत नाही, वचन आणि परंपरा दोन्ही धरतो. बायबलमध्ये कुठली पुस्तकं घ्यायची हेसुद्धा चर्चनेच ठरवलं ना. आता हेच बघा, साधारण इ. स. २०० च्या सुमारास तर्तुलियन हा जुना ख्रिस्ती लेखक लिहितो की लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई कशाला, थांबा जरा. म्हणजे लोक तेव्हा देत होते, म्हणून तर हा थांबा म्हणतोय! बाळाच्या वतीने आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाता कबुली देतात. आणि प्रेषितांची कृत्ये १६ वाचा, फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी मध्यरात्री पौल आणि सीला या कैदेतल्या प्रचारकांच्या जखमा धुतो आणि लगेच त्याचा आणि घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा. सगळ्यांचा.

थेट_वचन
भाऊ, एक वचन मागे जा की. १६:३२. आधी घरातल्या सगळ्यांना वचन सांगितलं, मग पाणी. ३४ मध्ये विश्वास ठेवल्याचा आनंदही आहे. तान्हं बाळ होतं असं कुठे लिहिलंय? दादा बरोबर बोलतोय, बाळाचं समर्पण करा, प्रार्थना करून घ्या, बाप्तिस्मा त्याचा तो घेईल. मूळ ग्रीक शब्दच बुडवण्याचा आहे, तीन थेंब शिंपडणं नाही.

कुपारी_गडी
नव्हतं असं तरी कुठे लिहिलंय 😄 आणि पाण्याचं म्हणाल तर दिदाखे नावाचं फार जुनं लिखाण आहे, त्यात सांगितलंय वाहतं पाणी बघा, तेवढं पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओता.

जुनी_वही
हे भांडण काही तुमच्या घरात सुरू झालेलं नाही. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या झ्युरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्ली आणि त्याचेच शिष्य, दोघंही म्हणायचे परंपरा बाजूला ठेवा, फक्त शास्त्र. आणि नेमकं याच मुद्द्यावर फाटलं. झ्विंग्लीने जुन्या करारातली सुंता धरली, तिथे आठ दिवसांचं बाळ करारात येतं, तसाच बाप्तिस्मा. शिष्यांनी नवा करार धरला, उदाहरण दाखवा म्हणाले, आणि जानेवारी १५२५ मध्ये एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यातल्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ ला नगर परिषदेच्या हुकुमावरून लिम्माट नदीत बुडवून मारलं. तेव्हा पुस्तक एक असलं तरी कुठल्या पानापासून वाचायला सुरुवात करता त्यावर सगळं आहे. आणि तुमच्या माहेरचं सांगतो, १९७० मध्ये नागपूरला सीएनआय झाली तेव्हा त्यात जाणत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही आले, म्हणून तिथे दोन्ही चालतं, लहानपणी द्या नाहीतर जाणत्या वयात घ्या.

मुक्तिफौजी
आमच्या मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मीत, पाणीच नाही, १८८३ पासून बाप्तिस्मा पण नाही न प्रभुभोजन पण नाही. नगरला आमच्या आजीला कोणी विचारलं तर ती म्हणायची आम्ही झेंड्याखाली समर्पण करतो, बस. वाद मिटला 🙏

वसईची_सून
थँक्यू सगळ्यांना. दादाला १६:३२ आणि ३३ दोन्ही पाठवून विचारलं, त्या घरात बाळ होतं का नव्हतं? चार तासांनी उत्तर, पास्टरना विचारून सांगतो. रोज मला म्हणतो कोणाचं ऐकू नको, स्वतः वाच! बरं, तारीख ठरतेय. दादाला धर्मपिता करता येईल का?

कुपारी_गडी
धर्मपिता कॅथलिकच लागतो. पण सोबत एक कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता असेल तर तुमचा दादा ख्रिस्ती साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. फादरना आधीच सांगून ठेवा, आणि दादा येणार आहे का ते आधी विचारा.

वसईची_सून
येतो म्हणालाय. आमेन म्हणणार नाही म्हणालाय, पण जेवायला थांबणार आहे.