अनुभव धागा : पुण्याचा रस्ता, जलरंग आणि तुमचं पहिलं चित्र

मागच्या रविवारी सकाळी मंडईसमोर चित्र काढत बसले होते. कॉलेजातली एक मुलगी बराच वेळ मागे उभी होती. शेवटी तिनं विचारलं, "काकू, समोर एवढं सगळं आहे, तुम्ही सुरुवात कशानं करता?" तेव्हा सुचलं ते सांगितलं, पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. शाळेत एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात आपण बसथांबा काढला, बाजार काढला, तोही पोस्टर कलरनं, एकेक आकार वेगळा भरून. पोस्टर कलरमध्ये चुकलं तर वरून पांढरा देता येतो. जलरंगात पांढरा म्हणजे कागद, आणि तो एकदा गेला की गेला. ही एवढी एक गोष्ट अंगवळणी पडायला मला तीन वर्षं लागली.

म्हणून हा धागा. कुठे बसलात, काय बिघडलं आणि त्यानंतर काय बदललंत, ते लिहा. सामानाची लांबलचक यादी नको, खरंच वापरता तेवढंच सांगा.

मी सुरुवात करते. मंडईची इमारत 1886 ची, मधोमध अष्टकोनी मनोरा. पहिल्या खेपेला मी पट्टी घेऊन सगळ्या कमानी मोजून काढल्या. दीड तास गेला. रंग हातात घेईपर्यंत ऊन सरकलं होतं, त्यामुळे मनोऱ्याची सावली एका बाजूला आणि गाळ्यांची दुसऱ्या बाजूला पडलेली. दोन सूर्यांचं चित्र झालं. घरी नेऊन ते कितीतरी दिवस कुणाला दाखवलं नाही.

आता पेन्सिलीला दहा मिनिटं देते. त्याआधी वहीच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढं चित्र, फक्त तीन छटांचं: कोरा कागद, मधली, गडद. डोळे बारीक करून बघितलं की कमानी, टोपल्या, माणसं विरघळतात आणि उजेड-सावलीचे चार-पाच मोठे तुकडे उरतात. सावलीची कड तेव्हाच आखून ठेवायची, मग ऊन कुठेही जाऊ दे.

बोर्ड डब्यावर टेकवून जरा उतरता ठेवते. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) कालवून केलेला करडा रंग मनोऱ्याच्या सावलीकडच्या बाजूला वरून सोडला की त्याच्या खालच्या कडेला रंगाचा फुगीर ओघळ साचतो. तो सुकू न देता ब्रशनं खाली आणायचा: मनोऱ्यावरून छपरावर, छपरावरून भिंतीवर, भिंतीवरून थेट भाजीवाल्यांच्या ताडपत्रीखाली. छपरापाशी सिएना वाढवायची, जमिनीजवळ निळा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. तळाशी जमलेला ओघळ मात्र पिळलेल्या ब्रशनं टिपून घ्या. तो तसाच राहिला तर सुकताना मागे चढतो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग पडतो. ही सगळी सावली एका दमात जोडली गेली की अर्धं चित्र झालं. त्या मुलीला हे सांगायचं राहिलं.

सदाशिव पेठेतून

ताई, माझी अडचण रंगाच्या आधीची होती. माणसं काढली की लक्ष्मी रोडवर कुणी तरंगायचं, कुणी खड्ड्यात उभं असल्यासारखं वाटायचं. उत्तर घरातच मिळालं. गॅलरीच्या काचेवर स्केचपेननं, एक डोळा मिटून, डोकं न हलवता समोरचा रस्ता गिरवला. त्या काचेवर मला डोळ्यांची पातळी पहिल्यांदा खरी दिसली. समोरच्या इमारतींच्या माझ्यापेक्षा वरच्या रेषा लांब जाताना खाली येत होत्या, खालच्या रेषा वर चढत होत्या आणि सगळ्या एकाच उंचीवर मिळत होत्या.

नंतर रस्त्यावर उतरून पाहिलं. सपाट रस्त्यावर आपण उभे असू तर आपल्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी एकाच रेषेवर येतात, मग ती दहा फुटांवर असोत की शंभर. फरक फक्त पावलं कुठे टेकली आहेत त्यात. घडीच्या स्टुलावर बसलात की तीच रेषा उभ्या माणसांच्या पोटाशी येते. पेन्सिलीची पहिली रेघ मी आता हीच मारतो. काचेचा प्रयोग करून बघा, एका दुपारचं काम आहे.

औंध

कागदाबद्दल थोडं. मी वर्षभर साध्या ड्रॉइंग वहीवर काम केलं आणि आपल्याला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, जमत नाही अशी समजूत करून घेतली. पाणी लागलं की तो कागद फुगतो, त्याच्या वळ्यांत रंग साचतो. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड) कॉटन कागद घेतला आणि तोच हात बरा वाटायला लागला. महाग आहे हे खरं. पण 22 बाय 30 इंचांच्या एका तावातून 11 बाय साडेसातचे आठ तुकडे निघतात आणि दोन्ही बाजू वापरल्या तर सोळा चित्रं. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचे तावही मी वापरते. खरखरीत असतील ते जुन्या भिंतींना छान. कोरडा ब्रश वरवर फिरवला की पोपडे आलेली भिंत दिसते. एक तुकडा घेऊन, भिजवून बघा आणि मग जास्त आणा.

कसबा पेठ

शनिवारवाडा माझ्या रोजच्या वाटेवर. डिसेंबरमध्ये दिल्ली दरवाजा काढला, आणि दगडावर छान पिवळं ऊन दाखवलं. चित्र बघून एक ज्येष्ठ चित्रकार म्हणाले, "हे ऊन तुम्ही कुठे पाहिलंत?" दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. दिल्ली दरवाजाचं तोंड उत्तरेला आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दरवाजावर थेट ऊन पडतच नाही. ज्या दरवाजासमोरून लहानपणापासून जातो, त्याचा उजेड मी मनानं रंगवला होता.

पुढचे आठ रविवार तिथेच बसलो. सावलीतला दगड एकरंगी नसतो हे तेव्हा कळलं. वरच्या बाजूला आकाशाचा निळा उतरतो आणि कमानीच्या आतल्या वरच्या भागात पटांगणातल्या उन्हाचा उबदार उजेड खालून परतून येतो. तिथे करडा ओला असतानाच त्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) सोडायचा. दरवाजावरचे खिळे मोजून काढू नका. तीन-चार नीट दाखवले तर बाकीचे बघणाऱ्याला दिसतात. एप्रिल-मे मध्ये सकाळी लवकर गेलात तर पूर्वेकडून तिरपं ऊन दगडांच्या कडा घासत जातं. ती वेळ तासाभराची असते आणि कागदही त्या हवेत पटकन वाळतो, त्यामुळे रंग आधी कालवून ठेवावा लागतो.

नारायण पेठ (आता राहायला सिंहगड रोडला)

मी 74 वर्षांचा आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या वाड्याच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ती रेघ पुढे कितीतरी वर्षं दिसायची. आई दर दिवाळीला चुना द्यायची आणि पावसाळ्यात रेघ परत उमटायची. वाडा पाडला तेव्हा माझ्याकडे त्याचा एकही धड फोटो नव्हता. म्हणून निवृत्तीनंतर रंग हातात घेतले, आणि उभे असलेले वाडे जमतील तसे काढायचे ठरवले.

मला सगळ्यात जास्त छळलं ते खिडकीच्या गजांनी. बारीक ब्रशनं गज रंगवायचो आणि खिडकी तुरुंगाची दिसायची. एका क्लासमधल्या ताईंनी ब्रश हातातून न घेता फक्त सांगितलं, "काका, गज सोडा. गजांमधला काळोख रंगवा." आता मी आधी संपूर्ण खिडकीवर लाकडाचा फिकट रंग देतो, पूर्ण वाळू देतो, आणि मग गजांमधल्या उभ्या फटी गडद करतो, एकसारख्या नाही. एखादी फट वर गडद, खाली फिकी. आत कुणीतरी राहतंय असं वाटतं. विटांचंही तेच, पोपडा उडालेल्या जागी पाच-सहा विटा पुरतात.

तुमच्या ओळखीत कुणाचा वाडा पाडायला निघाला असेल तर चित्र चांगलं येईल का याचा विचार न करता आधी जाऊन बसा.

वाकड

मी जुन्या पेठांत वाढलो नाही, नोकरीसाठी आलो. मला पुणे म्हणून दिसतं ते मेट्रोचे खांब, काचेच्या इमारती, उड्डाणपूल. सुरुवातीला वाटायचं यात चित्र नाही. 6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, तेव्हा नळ स्टॉपला उतरलो आणि खाली उभा राहिलो. खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्या वर मेट्रो. सावलीचा एक लांबलचक निळसर पट्टा आणि त्याच्या पलीकडे उन्हात झळकणारा रस्ता. एवढा सोपा, मोठा आकार मला कुठल्याच वाड्यात मिळाला नव्हता. नवशिक्यांनी जरूर बघावा.

मी फोटोवरून काढतो, कारण वेळ रात्री दहानंतरच मिळतो. सावली मात्र फोटोतून उचलत नाही. मोबाइल उन्हाचं बघून फोटो घेतो आणि सावली काळी करून टाकतो. म्हणून फोटो काढतानाच वहीत दोन ओळी लिहितो: "पुलाखाली जांभळट, खांबाच्या बुडाशी पिवळट."

कोथरूड

फोटोबद्दल मतभेद नोंदवते. अर्बन स्केचर्स ही चळवळ 2007 मध्ये सिअ‍ॅटलच्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकारानं सुरू केली, आणि जागेवर बसून, समोर बघून काढायचं हे त्यांचं पहिलंच तत्त्व. मला ते पटतं. ओंकारेश्वराजवळ जुलैत चित्र काढताना हवेतल्या ओलीनं पहिला थर अर्धा तास वाळलाच नाही. घाईनं वरून गडद दिला आणि कळस आकाशात पसरला. तेव्हा खूप वाईट वाटलं. पण ओल्यावर ओलं कसं पसरतं हे त्या दिवशी हाताला कळलं. आता पावसाळ्यात मागची झाडं आणि नदीचा पलीकडचा काठ मी मुद्दाम ओल्यातच सोडते आणि देऊळ वाळल्यावर घेते. वाकडच्या दादांनी एक रविवार काढावा, आम्ही साडेसातला भेटतो.

आणि विजेच्या तारा. लांब केसांच्या रिगर ब्रशनं, खांद्यापासून हात फिरवून, मध्ये मध्ये तुटू द्यायच्या. सगळ्यात शेवटी, दोन किंवा तीनच.

धायरी

दोन लहान मुलं आहेत, बाहेर जाणं होत नाही. रोज वीस मिनिटं गॅलरीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या काढते. तीनच रंग: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर. चाळीस चित्रं झाली. काळी टाकी सकाळी काळी नसते, हे पस्तिसाव्याला दिसलं.

हडपसर

कालच पहिल्यांदा विश्रामबागवाड्यासमोर बसले. वरच्या सज्ज्याच्या लाकडी खांबांवर ऊन होतं. मी ते आधी तपकिरी केले आणि मग पांढरा लावून उजळायला गेले, तर खडूसारखे दिसायला लागले. आता काय करू?

हडपसरच्या ताई, मी धागा सुरू करणारी. तो कागद राहू द्या, काही करू नका, तारीख घालून ठेवा. नव्या तुकड्यावर उन्हातल्या खांबांना सुरुवातीला ब्रशच लावू नका. मागची खोल सावली खांबांच्या कडेनं भरा आणि वाळल्यावर खांबांवर ऑकरचा अगदी पाण्यासारखा पातळ हात द्या. पुढच्या रविवारी मी तिकडे येते. माझ्याकडचा कॉटन कागदाचा एक तुकडा तुमच्यासाठी आणते.